वेताळाचे देशांतर

ली फॉक या अमेरिकी लेखकाने १९३६ साली ‘फँटम’ हा मुखवटाधारी वीर निर्माण केला. अरण्याच्या रक्षणाचे त्याचे व्रत पित्याकडून पुत्राकडे जाते. लोक मात्र त्याला एकच, अमर पुरुष मानतात आणि ‘चालते भूत’ म्हणून ओळखतात. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही चित्रकथांची माला त्याच्याच कथेने सुरू केली. मराठीत तो ‘वेताळ’ झाला.

हे नामकरण मोठे समर्पक ठरले. कोकणात व गोव्यात वेताळ हा भुतांचा अधिपती, तसाच गावाचा राखणदारही आहे. सिंधुदुर्गातील आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. रात्री गावाभोवती फिरताना त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. दुर्जनांना भय आणि दुर्बलांना अभय देणारा, रात्री संचार करणारा हा रक्षक मराठी मनाला अपरिचित नव्हता.

१९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ हा दरोडेखोरांशी झुंजणारा देशी नायक याच मालेत अवतरला. १९९० मध्ये माला थांबली. परक्या वेताळाला येथे जे घर मिळाले, त्याचा उंबरठा मात्र लोकश्रद्धेने कितीतरी आधीच घातलेला होता.