योगाची परिभाषा : शिलालेखांपासून व्यायामवर्गांपर्यंत

वालधुनी नदीकाठच्या अंबरनाथ शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा असून तो उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणी राजाच्या काळातला आहे. त्यात राजा, त्याचे अधिकारी आणि देवाचे भवन यांचा उल्लेख येतो. योगाची परिभाषा मात्र त्यात नाही. त्या काळच्या शैव परंपरेत हे शब्द कोणत्या अर्थाने वावरत होते, हे पाहण्यासाठी घाटापलीकडच्या चालुक्य राज्यातील दानलेखांकडे वळावे लागते.

तेथे कालामुख पंथाच्या आचार्यांना जमिनी देताना त्यांचे वर्णन एका ठरावीक साच्यात केलेले आढळते : यम, नियम, स्वाध्याय, ध्यान, धारणा, मौन, अनुष्ठान, जप आणि समाधी यांनी संपन्न. यम म्हणजे अहिंसा, सत्य यांसारखे इतरांशी वागतानाचे निर्बंध आणि नियम म्हणजे शौच, संतोष, तप इत्यादी स्वतःपुरती शिस्त. पतंजलीच्या आठ अंगांपैकी आसन, प्राणायाम आणि प्रत्याहार या यादीत नाहीत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दान घेणाऱ्याची पात्रता त्याच्या आचरणावरून ठरत असे, शरीराच्या लवचिकतेवरून नव्हे. हे केवळ लेखनिकांचे शब्दलालित्य होते असेही नाही, कारण बळ्ळिगावीच्या कोडियमठात पातंजल योगशास्त्राचे अध्यापन होत असल्याचे ११६२च्या लेखात नमूद आहे. स्वतः पतंजलीनेही १९५ सूत्रांपैकी जेमतेम तीन आसनाला दिली आणि आसन म्हणजे स्थिर व सुखकर बैठक, एवढ्यावरच तो थांबला.

शरीराला या शब्दसंग्रहात मोठे स्थान मिळाले ते नाथपंथामुळे, आणि मराठीत त्याचा सर्वांत समृद्ध पुरावा शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय होय. तेथे मूळबंध, म्हणजे गुदद्वाराजवळचे आकुंचन, जालंधर, म्हणजे हनुवटी कंठाशी टेकवून धरणे, आणि उड्डियान, म्हणजे पोट आत ओढणे, हे तीन बंध क्रमाने येतात व त्यांच्या योगे कुंडलिनी, अर्थात सुप्त मानलेली शक्ती, जागी होते. संस्कृत जाणणाऱ्या साधकांपुरता असलेला हा विषय प्राकृत भाषेत आणण्याचे धाडस या अध्यायात दिसते.

विसाव्या शतकात याच शब्दांवर प्रयोगशाळेची मोहोर उमटली. योगेंद्र यांनी १९१८ मध्ये वर्सोव्याला योग संस्था सुरू केली आणि स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली. नौली करताना, म्हणजे पोटाचे स्नायू वेगळे काढून फिरवताना, आतड्यात निर्माण होणारा ऋण दाब कुवलयानंदांनी मोजला आणि त्याला आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले. मोक्षवाचक ‘कैवल्य’ आणि दाबमापक यंत्र एकाच वास्तूत नांदू लागले, यात संस्थापकांना विसंगती वाटत नव्हती.

नावे टिकली तरी कृती बदलत गेल्या. आजच्या योगवर्गांत वज्रासन म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसणे, आणि तेही बहुधा जेवणानंतर. ज्ञानेश्वरीत मात्र टाचेने शिवणीचा भाग दाबून बसण्याला, म्हणजे मूळबंधालाच, वज्रासन हे दुसरे नाव आहे. सिद्धासनाला काही जण वज्रासन म्हणतात, असे पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकाही सांगते. म्हणूनच आजची बैठक डोळ्यांसमोर ठेवून सहावा अध्याय वाचणाऱ्याला टाचेच्या दाबाचे ते वर्णन उलगडत नाही.