‘र’ दाबला आणि १ उमटला

मागच्या पावसाळ्यात बाबांनी आठवणी लिहायला घेतल्या. निवृत्तीनंतर ते इनस्क्रिप्ट टायपिंग शिकले होते. मी त्यांना माझा जुना लॅपटॉप दिला आणि त्यावर लिनक्स टाकून दिलं. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर ‘आई’ नीट उमटत होतं, ‘बाबा’सुद्धा नीट. पण ‘दार’ लिहिलं की सहा, काना, एक असं काहीतरी यायचं. ‘करत’ लिहिलं की इंग्रजी आकड्यांत दोनशे तेरा.

बाबा म्हणाले, “माझंच चुकतंय बहुतेक. बोटं आता पहिल्यासारखी वळत नाहीत.”

मी म्हटलं, कीबोर्ड गेला. नवा किती रुपयांना पडेल तेही बघून ठेवलं. आमचे दोघांचेही अंदाज चुकीचे निघाले. बोटं ठीक होती आणि कीबोर्डही. बिघाड शोधता शोधता मी चाळीस वर्षं मागे जाऊन पोचलो.

लॅपटॉपची एक कळ दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत सेकंदाचा अगदी लहानसा भाग जातो. तेवढ्यात ती कळ वेगवेगळ्या दशकांत बांधलेल्या अनेक टप्प्यांतून जाते. आपण ‘र’ची कळ घेऊ. इंग्रजी कीबोर्डवर तिच्यावर ‘जे’ छापलेलं असतं.

पहिली गोष्ट म्हणजे कीबोर्डला अक्षरं कळत नाहीत. त्याला फक्त कळेचा क्रमांक ठाऊक असतो. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्या कीबोर्डवर ८३ कळा होत्या आणि ‘जे’चा क्रमांक होता ३६. १९८४ साली पीसी एटी हे नवं मॉडेल आलं, त्यात क्रमांकांची यादीच बदलली आणि ‘जे’ झाला ५९. पण जुने प्रोग्रॅम तर ३६ची वाट बघत बसलेले! मग आयबीएमनं मधे एक दुभाष्या बसवला, ८०४२ नावाची चिप. कीबोर्ड ५९ म्हणायचा आणि ही चिप आत ३६ कळवायची.

तो दुभाष्या अजूनही कामावर आहे. आज त्या नावाची वेगळी चिप दिसत नाही, तिचं काम लॅपटॉपच्या आतला एक छोटा नियंत्रक करतो. पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये अंगचा कीबोर्ड आजही याच वाटेनं बोलतो. म्हणूनच झाकण मिटून उघडल्यावर कधीकधी लॅपटॉपचा कीबोर्ड मुका होतो आणि यूएसबीनं जोडलेला बाहेरचा कीबोर्ड मात्र चालत राहतो. यूएसबीची वाट १९९६ साली आली आणि ती पूर्ण वेगळी आहे. लिनक्सच्या गाभ्याला म्हणजे कर्नलला सुरू होतानाच ‘या दुभाष्याला आधी नीट जागं कर’ अशा सूचना देता येतात. त्या सूचनांच्या नावात आजही ‘आय८०४२’ असतं.

आता १९९१. हेलसिंकीत शिकणाऱ्या लायनस टॉरव्हाल्ड्सनं सप्टेंबरमध्ये लिनक्सची ०.०१ ही पहिली आवृत्ती बाहेर काढली. तिच्यात फिनिश कीबोर्डची मांडणी थेट कोडमध्येच लिहिलेली होती. साहजिकच आहे, त्याच्या टेबलावर तोच कीबोर्ड होता. त्याच वर्षी इकडे भारतीय मानक ब्युरोनं आयएस १३१९४ हे मानक काढलं. भारतीय लिप्या संगणकात कशा साठवायच्या आणि इनस्क्रिप्टची मांडणी कशी असावी, हे त्यात ठरवलेलं आहे. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१चीच. तिनं देवनागरीचा क्रम याच भारतीय मानकाच्या १९८८च्या रूपावरून घेतला. आपण फोनवर मराठी वाचतो, त्यामागे हे काम आहे.

लिनक्सनं कळांना क्रमांक देताना मुख्य कळांसाठी १९८१ची यादीच कायम ठेवली. त्यामुळे लिनक्समध्येही ‘जे’ म्हणजे ३६. पण पडद्यावर खिडक्या दाखवणारी व्यवस्था लिनक्सपेक्षा जुनी आहे. एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली एमआयटीत सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली. तिचा नियम असा, की कळेचा क्रमांक ८ ते २५५ यांच्यामध्येच हवा. म्हणून लिनक्सच्या प्रत्येक क्रमांकात ८ मिळवले जातात. ३६ अधिक ८, ‘जे’ झाला ४४.

ही बेरीज निरुपद्रवी वाटते, पण पुढे ती नडली. नव्या लॅपटॉपवर माइक बंद करायचं बटण आलं. लिनक्सनं त्याला २४८ क्रमांक दिला. २४८ अधिक ८ म्हणजे २५६, मर्यादेच्या फक्त एक पाऊल बाहेर! लिनक्सला बटण दिसायचं, एक्सला दिसायचं नाही. शेवटी काही लॅपटॉपवर त्या बटणाला एफ२० या कळेचं सोंग घ्यायला लावलं. १९८७चा एक आकडा मीटिंगमधल्या माणसाचा माइक असा अडवून बसला होता.

पुढचा टप्पा एक्सकेबीचा. ही व्यवस्था १९९६ साली एक्सच्या मूळ संचात आली. ४४ला ती कीबोर्डवरची जागा देते, एसी०७. ‘सी’ म्हणजे स्पेसबारच्या ओळीपासून वर मोजलेली तिसरी ओळ आणि ०७ म्हणजे त्या ओळीतली सातवी कळ. मग ती निवडलेली मांडणी बघते. इंग्रजी असेल तर ‘जे’ आणि इनस्क्रिप्ट असेल तर ‘र’. शिफ्ट धरली तर ‘ऱ’, म्हणजे ‘दुसऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’मधला आपला तो खास र. ‘अक्षरं भलतीच येतात’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे असतं. कळ बरोबर पोचलेली असते, भाषेची मांडणी तेवढी चुकीची निवडलेली असते.

याच एक्सकेबीत आणखी एक गोष्ट आली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरनं अपंग व्यक्तींसाठी कीबोर्डच्या सोयी विकसित केल्या होत्या. त्यातली एक म्हणजे स्लो कीज. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्याकडून चुकून कळा दाबल्या जातात. म्हणून कळ थोडा वेळ धरून ठेवली तरच ती मोजायची. ही सोय कीबोर्डवरूनच सुरू करता यावी, म्हणून शिफ्ट आठ सेकंद दाबून धरायची खूण ठेवली गेली. जिथे ही खूण चालू असते, तिथे विचार करता करता शिफ्टवर बोट ठेवून बसणाऱ्याचा कीबोर्ड अचानक ‘मरतो’. टक टक केलं तर काहीच उमटत नाही. कळ धरून ठेवली तर मात्र अक्षर येतं. आपल्याला वाटतो तो बिघाड, आणि प्रत्यक्षात ते दुसऱ्या कुणासाठी उघडलेलं दार असतं.

आता बाबांच्या कोड्याकडे. इव्हटेस्ट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. कीबोर्डकडून लिनक्सच्या हातात काय पडतंय, ते तो जसंच्या तसं दाखवतो. मी ‘र’ दाबला. तिथे ‘जे’ दिसायला हवा होता, दिसला नंबरपॅडवरचा एक. म्हणजे मांडणी, एक्स, युनिकोड, सगळे निर्दोष सुटले. गडबड त्यांच्या आधीच, खुद्द कीबोर्डच्या आत होती.

त्याची मुळं पुन्हा १९८१मध्ये. त्या ८३ कळांच्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. उजवीकडच्या त्याच कळा कधी बाण, कधी आकडे. काय हवं ते सांगायला नमलॉक होता. पुढे १०१ कळांचा कीबोर्ड आला, बाणांना वेगळी जागा मिळाली आणि नमलॉकचं मूळ काम जवळपास संपलं. तरी तो राहिला. नंतर लॅपटॉपमध्ये नंबरपॅडला जागाच उरली नाही, तेव्हा काही लॅपटॉपवर तो अक्षरांच्या कळांखाली दडवला गेला. नमलॉक चालू झाला की जे, के, एल होतात १, २, ३. यू, आय, ओ होतात ४, ५, ६. आणि एम होतो शून्य.

इनस्क्रिप्टमध्ये व्यंजनं उजव्या हाताला आणि स्वर डाव्या हाताला असतात. त्यामुळे आकडे झाले ते फक्त र, क, त, ह, ग, द, स अशा अक्षरांचे. ‘ब’ आणि ‘प’ त्या दडलेल्या पॅडच्या बाहेर, म्हणून ‘बाबा’ शाबूत. ‘आई’ तर पूर्ण डाव्या हाताची.

पण नमलॉक लावला कुणी? मीच. आधीच्या रविवारी हिशेब करायला मी या लॅपटॉपला मोठा कीबोर्ड जोडला होता आणि त्यावर नमलॉक चालू केला होता. डेस्कटॉपनं ते लक्षात ठेवलं आणि पुढच्या वेळी सुरू होताना इमानदारीनं पुन्हा चालू केलं. या लॅपटॉपवर नमलॉकचा दिवाही नाही, त्यामुळे दिसणार कसं? लक्षात ठेवायची ती सेटिंग बंद केली, नमलॉक बंद केला, काम झालं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर नवा कीबोर्ड मागवण्याआधी हाच रस्ता धरा. लॅपटॉप सुरू होतानाच्या मेन्यूत कळा चालतात का बघा. तिथेच चालत नसतील, तर दोष हार्डवेअरकडे किंवा त्याच्या आतल्या प्रोग्रॅमकडे असण्याची शक्यता जास्त. तिथे चालतात पण आत गेल्यावर बंद पडतात, तर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावा. तो चालला, तर त्या जुन्या दुभाष्यावर संशय घ्या. इव्हटेस्टमध्ये बरोबर कळ दिसते आणि पडद्यावर चुकीचं अक्षर येतं, तर मांडणी तपासा. अक्षर येतच नाही, तर कळ दाबून धरून बघा, स्लो कीज चालू असेल. एका वेळी एकच टप्पा तपासायचा.

मी बाबांना हे सगळं सांगितलं. ५९, ३६, ४४ हे आकडे त्यांनी ऐकून घेतले. मग विचारलं, “म्हणजे माझी बोटं चुकत नव्हती?”

“नाही.”

ते पुन्हा लिहायला बसले. आधी ‘दार’ लिहून बघितलं.