कलम : बोरूपासून कायद्यापर्यंत

न्यायालयाच्या आवारात अशील वकिलांना विचारतो, “माझ्यावर कलम कोणते लावले आहे?” कोकणातला बागायतदार पाहुण्याला सांगतो, “ही अलीकडची सारी कलमे, पलीकडची ती रायवळ झाडे.” आणि एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर पितळी कलमदान सापडते, तेव्हा घरातली मुले ते उलटसुलट करून विचारतात, “हे कशाचे?” तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. पहिल्याला त्यात कायदा दिसतो, दुसऱ्याला आंबा दिसतो. आणि ज्यांच्या हाती खरोखरीचे कलमाचे घर आले आहे, त्यांना मात्र काहीच दिसत नाही.

मराठीत लिहिण्याच्या साधनाला नावांचा तोटा नाही. लेखणी आहे, बोरू आहे, टाक आहे, शिसपेन्सिल आहे आणि पेन तर प्रत्येकाच्या खिशाला आहे. त्यांतील ‘कलम’ या एकाच नावाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. कारण या शब्दाविषयी बोलू लागले की कोणीतरी हटकून विचारतो, “पण हा शब्द आपला की परका?” प्रश्न सरळ आहे; त्याचे उत्तर तितके सरळ नाही.

ग्रीक भाषेत ‘कालामोस’ म्हणजे पाणथळ जागी वाढणारे, पोकळ कांडीचे, वेतासारखे गवत. त्याच कांडीची लेखणी करीत, म्हणून लेखणीलाही तेच नाव पडले. रोमन लोकांनी ‘कालामुस’ म्हटले, अरबांनी ‘कलम’ म्हटले. अरबीत या शब्दाला मोठी प्रतिष्ठा मिळाली. कुराणाच्या ६८व्या अध्यायाचे नावच ‘अल्-कलम’ असे आहे. अरबीतून तो फारसीत गेला आणि फारसी ही राजदरबाराची भाषा होऊन जेथे जेथे गेली, तेथे तेथे कलमही गेले. आता आपला ‘बोरू’ घ्या. बोरू हेही मुळात त्या झुडपाचेच नाव आणि मागाहून लेखणीचे. म्हणजे आपल्याकडील कारकून कधी ‘कलम’ आणि कधी ‘बोरू’ म्हणत असे, तेव्हा तो एकाच कांडीचे नाव दोन भाषांत घेत असे.

१३४७ साली दक्षिणेत बहामनी राज्य स्थापन झाले. त्याच्या आणि त्यामागून आलेल्या सुलतानांच्या दरबारी फारसीचा मान होता; गावचा जमाखर्च मात्र कुलकर्णी मराठीतच लिहीत असे. वरून हुकूम यावयाचा तो फारसी शब्दांनी भरलेला आणि खालून हिशेब जावयाचा तो मोडीत. या ये-जा करण्यात लेखनाचा सारा सरंजाम मराठीत उतरला. दौत अरबी, कागद फारसी. ‘शाई’ म्हणजे फारसी ‘सियाही’, अर्थात काळेपणा; तेव्हा ‘लाल शाई’ म्हणताना आपण ‘तांबडा काळेपणा’ म्हणत असतो, पण कोणाच्या कानाला ते खटकत नाही. ‘दप्तर’ तर कलमाचा सख्खा सोबती. ग्रीकांच्या ‘दिफ्थेरा’ या, म्हणजे कमावलेल्या कातड्याच्या, नावापासून तो निघाला आणि फारसीच्या वाटेने येऊन आज शाळेतल्या मुलाच्या पाठीवर बसला आहे.

हे शब्द केवळ कानाने आले नाहीत, हातानेही आले. बोरूचे टोक चाकूने तिरके तासावयाचे, मधोमध बारीक चीर द्यावयाची आणि मग शेंडा नेमका छाटावयाचा. चिरेतून शाई बेताने उतरते आणि शेंड्याच्या रुंदीवर अक्षराची जाडी ठरते. मोडी लिहिताना आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढावयाची आणि तिच्याखाली हात फारसा न उचलता ओळ पुरी करावयाची. या कलेवर घराणीच्या घराणी जगली. चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस या आडनावांच्या शेवटी जो ‘नीस’ आहे, तो फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. कलम हातून गेले, पण आडनावात ते टिकून आहे.

राज्यकर्ता जागा असला म्हणजे त्याला भाषेचेही भान असते. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक करवून घेतला आणि त्यांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला. राज्यकारभारातील फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत आणि त्याच्या दहा वर्गांपैकी एक वर्ग केवळ लेखनाचा आहे. सुरनिसाचा सचिव झाला, वाकनिसाचा मंत्री झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला. स्वतंत्र राज्याचा कारभार स्वतःच्या शब्दांत चालावा, ही इच्छा योग्यच होती आणि तिचे फळ आपण आजही भोगतो. आपले मंत्री आणि सचिव आजही त्याच नावांनी ओळखले जातात. परंतु त्याच राज्याचा मुख्य प्रधान पुढे शंभर वर्षे लोकांच्या तोंडी ‘पेशवा’ म्हणूनच राहिला आणि दप्तरातले कलमही हलले नाही. राजाज्ञेने काही शब्द बदलतात, सारे बदलत नाहीत. जो शब्द रोजच्या कामात रुतला आहे, तो सहसा उपटून निघत नाही.

कलम कसे रुतले ते पाहा. हिशेबाच्या कागदावर एकेक बाब स्वतंत्र लिहितात. कलम एकदा टेकले की एक बाब झाली; या ओघाने फारसी जमाखर्चात बाबीलाच कलम म्हणू लागले. इराणात आजही मालाच्या जिनसा मोजताना हाच शब्द वापरतात. मराठी कागदांत ‘कलमवार’ आणि ‘कलमबंदी’ हे शब्द आले ते याच अर्थाने. राजाराजांचे करार झाले, त्यांतील अटीही कलमेच ठरली. १७८२ मध्ये इंग्रज आणि मराठे यांच्यात सालबाईचा तह झाला, त्यात १७ कलमे होती.

पुढे इंग्रजांचे कायदे मराठीत आले, तेव्हा त्यांच्या विभागांना नवे नाव शोधावे लागले नाही. ते आधीच तयार होते. १८६०च्या दंडविधानातील फसवणुकीचे कलम ४२० इतके लोकप्रिय झाले, की ‘चारशेवीस’ हे लबाडाचे विशेषणच होऊन बसले. १ जुलै २०२४ रोजी ते दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणूक आता ३१८व्या कलमात गेली आहे. पण कोणा लबाडाला ‘तीनशेअठरा’ म्हटलेले अजून तरी आमच्या कानी आलेले नाही. राज्यघटनेच्या मराठी प्रतीत तर ‘अनुच्छेद’ असा शब्द योजलेला आहे. लोक मात्र ‘कलम ३७०’ असेच म्हणत आले.

आता बागेकडे वळू. बोरू तासणे आणि झाडाची काडी तासणे ही दोन्ही कामे एकाच हाताची. दोन्हीकडे धारदार चाकू, दोन्हीकडे तिरका छेद. म्हणून खुंटावर बसवावयाच्या काडीलाही फारसीत कलम म्हटले आणि ‘शिर कलम करणे’ हा भयंकर प्रयोगही बोरू छाटण्यावरूनच निघाला. भेट कलम, कोय कलम, पाचर कलम, गुटी कलम असे त्याचे प्रकार आपले बागायतदार आज सहज सांगतात. गोव्यात पोर्तुगीजांच्या अमलात आंब्याच्या कलमांना बहर आला आणि अफोन्सो या नावाचा आपल्या जिभेवर हापूस झाला. नाव पोर्तुगीज, कलम अरबी, आंबा आपला. आणि त्यातील परका भाग काढून टाका, असे आम्रभक्तांपैकी कोणी म्हणणार नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. संस्कृतातही ‘कलम’ शब्द आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात कालिदासाने उपटून पुन्हा लावलेल्या कलम नावाच्या भाताची उपमा दिली आहे. ते वाचून कोणालाही वाटेल, की सापडले मूळ, कलम आपलेच! परंतु ते भाताचे नाव आहे. केवळ आवाज जुळला म्हणून नाते जुळत नाही. ‘पेन’ आणि ‘पेन्सिल’ हे शब्द सख्खे भाऊ वाटतात, पण पेन हे पीस या अर्थाच्या लॅटिन ‘पेन्ना’पासून आले आणि पेन्सिल ‘पेनिकिल्लुस’पासून, म्हणजे लहानशा शेपटीपासून, आली, कारण ती मुळात केसांची कुंचली होती. बुरशीचे तंतू कुंचलीसारखे दिसले म्हणून पेनिसिलिनलाही तेच नाव मिळाले. व्युत्पत्तीच्या बाबतीत देशाभिमानापेक्षा पुरावा बरा.

आणि पुरावाच पाहावयाचा, तर जो शब्द आपण निःशंकपणे आपला मानतो, त्याचीही चौकशी करावी लागते. ‘लेखणी’ ‘लिख्’ धातूपासून आली. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे. ताडपत्रावर लोखंडी टोकाने अक्षरे कोरीत, त्याची आठवण त्या शब्दात आहे. ‘लिपी’ मात्र घोटाळ्यात टाकते. पाणिनीला हा शब्द ठाऊक आहे. पण अशोकाच्या शाहबाजगढीच्या शिलालेखात त्या जागी ‘दिपि’ असे रूप आहे आणि ‘दिपि’ हा शब्द प्राचीन इराणी भाषेतला. लिपी त्यातूनच घडली, असे अनेक विद्वान मानतात. अडीच हजार वर्षांपूर्वी आलेला पाहुणा घरचा आणि सातशे वर्षांपूर्वी आलेला परका, हा न्याय कोठला?

भाषाशुद्धीचा पुरस्कार करणाऱ्यांचा हेतू हलका होता असे आम्ही म्हणत नाही. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. शब्द टाकावा की ठेवावा हे ठरवण्यापूर्वी त्यांनी तो ओळखून घेतला होता, हे आपण विसरतो. आपली अडचण निराळी आहे. आपण शब्द टाकीतही नाही आणि ओळखीतही नाही.

याची किंमत पुण्याच्या पुरालेखागारात कळते. तेथे पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. तरीही फार मोठा भाग अजून वाचला जावयाचा आहे. तेथला एखादा कागद मोडी शिकून आपण उलगडला आणि त्यात ‘कलम’ हा शब्द आला, तर ती लेखणी, की हिशेबाची बाब, की तहाची अट, की परसातले रोप, हे ठाऊक असल्यावाचून त्या ओळीचा अर्थ लागणार नाही. हा कागद आपल्या पूर्वजांचा आहे, त्यातले गाव आपले आहे, देणेघेणे आपले आहे. शब्द परका म्हणून दूर सारला, तर त्याच्या मागोमाग तो कागदही परका होतो.

म्हणून माळ्यावरचे कलमदान सापडेल तेव्हा ते मोडीत घालू नये. मुलांना जवळ बसवावे, एक बोरू तासून दाखवावा आणि याच छेदावरून आंब्याच्या कलमाला नाव मिळाले, याच्याच एकेका टेकणीला कायद्याचे कलम म्हणू लागले, हे त्यांना सांगावे. मग हा शब्द आपला की परका, हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.