मत घेतलं, मग ‘थांबा’ म्हणाले



निवडणुकीआधी दारात येऊन हात जोडणारा माणूस निवडणुकीनंतर दिसत नाही, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. पण जो खरंच आपल्या बाजूचा वाटत होता, ज्याच्या प्रचारासाठी आपण उन्हातान्हात फिरलो, तोच निवडून आल्यावर ‘जरा दमानं घ्या’ म्हणाला तर काय करायचं? त्याची साथ सोडायची? की गप्प बसायचं? आज आम्ही याच प्रश्नाची एक गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट अमेरिकेतली आहे आणि समलिंगी माणसांची आहे. समलिंगी म्हणजे ज्या बाईचं मन बाईवर जडतं, किंवा ज्या पुरुषाचं पुरुषावर. अशी माणसं आपल्या गावांतही असतात. बोलायची सोय नसते म्हणून बोलत नाहीत, एवढंच.

तारीख होती 4 नोव्हेंबर 2008. त्या दिवशी बराक ओबामा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. ज्या देशात काळ्या माणसांना गुलाम म्हणून विकलं जात होतं, तिथे काळा माणूस सर्वोच्च पदावर बसणार होता. लोक रस्त्यावर येऊन रडत होते, नाचत होते. समलिंगी स्त्री-पुरुषांनीही त्यांच्यासाठी पैसे जमवले होते, घरोघर फिरून मतं मागितली होती.

पण त्याच मतदानात कॅलिफोर्निया राज्याच्या मतपत्रिकेवर आणखी एक प्रश्न होता, ‘प्रस्ताव 8’. लग्न फक्त स्त्री आणि पुरुषाचंच मानायचं, असं राज्याच्या घटनेत लिहायचं का? शंभरातल्या 52 जणांनी हो म्हटलं. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या राज्य न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला होता. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत सुमारे 18 हजार जोडप्यांनी लग्नं केली होती. एका रात्रीत ते दार बंद झालं. फ्लोरिडा आणि ॲरिझोना या राज्यांतही त्याच दिवशी तसाच निकाल लागला. एकाच घरात एका डोळ्यात आनंदाचं पाणी आणि दुसऱ्यात दुःखाचं, अशी ती रात्र होती.

हरल्यावर राग कुणावर तरी निघतोच. काहींनी काळ्या मतदारांवर खापर फोडलं. ‘आम्ही तुमच्या माणसाला मत दिलं आणि तुम्ही आमच्याविरुद्ध दिलं,’ असं ते म्हणू लागले. हे अन्यायाचं होतं. राज्यात काळे मतदार होतेच किती थोडे! पुढे आकडे नीट तपासले, तेव्हा दिसलं की फरक रंगापेक्षा वयाचा, धर्मस्थळात किती जातात याचा आणि कोणत्या पक्षाचे आहेत याचा जास्त होता. शिवाय काळ्या समलिंगी बायांनी कुणाकडे जायचं? त्यांना दोन्हीकडून बोल बसले. खरी उणीव प्रचारातच होती. समलिंगी जोडप्यांच्या हक्कासाठी केलेल्या जाहिरातींत समलिंगी जोडपीच फारशी दाखवली नव्हती. लोक बिचकतील अशी भीती होती. ज्याच्यासाठी मत मागायचं, त्याचंच तोंड झाकून ठेवलं होतं.

आता ओबामांकडे वळू. ते ‘प्रस्ताव 8’च्या विरोधात होते, पण लग्न स्त्री-पुरुषाचंच असतं असंही म्हणत होते. तरी दोन वचनं त्यांनी दिली होती. पहिलं वचन ‘डोमा’ नावाचा कायदा रद्द करण्याचं. हा 1996 सालचा कायदा. एखाद्या राज्याने समलिंगी लग्न मानलं तरी केंद्र सरकार ते मानणार नाही, असं त्यात होतं. त्यावर सही केली होती बिल क्लिंटन यांनी, आणि तेही समलिंगी लोकांच्या मतांवर आणि पैशांवर निवडून आले होते. दुसरं वचन सैन्याबद्दलचं. 1993 पासून तिथे नियम असा होता की समलिंगी असाल तर लपवून ठेवा, कळलं तर नोकरी जाईल. त्या नियमाखाली 13 हजारांहून जास्त सैनिकांना घरी पाठवलं गेलं.

वचनं होती, पण सुरुवात झाली ती वेगळीच. 20 जानेवारी 2009 ला ओबामांचा शपथविधी झाला. त्यात प्रार्थना म्हणायला रिक वॉरेन या धर्मगुरूंना बोलावलं. त्यांनीच ‘प्रस्ताव 8’ला उघड पाठिंबा दिला होता. जूनमध्ये सरकारी वकिलांनी न्यायालयात त्याच ‘डोमा’ची बाजू मांडली. त्या कागदात काका-पुतणीच्या आणि अल्पवयीन मुलीच्या लग्नांच्या खटल्यांचे दाखले दिले होते. ज्यांनी मतं दिली त्यांच्या संसाराची अशी तुलना! पक्षासाठी पैसे देणाऱ्या काही समलिंगी पुढाऱ्यांनी तेव्हा पैसे देणंच थांबवलं.

नोव्हेंबर 2009 मध्ये आणखी एक घाव बसला. मेन नावाच्या छोट्या राज्यात विधिमंडळाने समलिंगी लग्नाचा कायदा केला होता. तो मतदानाला घातला गेला आणि शंभरातल्या 53 जणांनी रद्द केला.

उत्तर प्रत्येक वेळी तेच मिळे. आधी बुडालेली अर्थव्यवस्था सावरू, आधी आरोग्याचा कायदा करू, तुमचं नंतर बघू. ही कामं खोटी नव्हती. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, दवाखान्याचा खर्च झेपत नव्हता. पण ‘नंतर’ला तारीख नव्हती.

मग त्या लोकांनी दोन वाटा धरल्या. एक वाट सरकारच्या दाराशी भांडायची. ऑक्टोबर 2009 मध्ये राजधानी वॉशिंग्टनमध्ये मोठा मोर्चा निघाला. मार्च 2010 मध्ये डॅन चोई या लष्करी अधिकाऱ्याने गणवेशात जाऊन राष्ट्राध्यक्षांच्या घराच्या कुंपणाला स्वतःला बेड्या घालून घेतल्या. आपल्याच बाजूच्या सरकारची अडचण करता, असे टोमणे ऐकावे लागले. पण डिसेंबर 2010 मध्ये सैन्यातला नियम रद्द करण्याच्या कायद्यावर ओबामांनी सही केली. तोवर त्यांचा पक्ष एका सभागृहातलं बहुमत हरला होता. महिनाभर उशीर झाला असता, तर ते काम कितीतरी मागे पडलं असतं. फेब्रुवारी 2011 मध्ये सरकारने ‘डोमा’ची बाजू मांडणंही थांबवलं.

दुसरी वाट शेजाऱ्याच्या दाराची. मेनमधल्या लोकांनी हरल्यावर घरं गाठली. पत्रक हातात देऊन पुढे जायचं नाही, तर उंबऱ्याशी उभं राहून निवांत बोलायचं. तुमचं लग्न कसं झालं, लग्नात तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं, असं आधी विचारायचं, मग आपलं सांगायचं. मे 2012 मध्ये ओबामांनी समलिंगी लग्नाला पाठिंबा जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेनमध्ये तोच प्रश्न पुन्हा मतदानाला आला, आणि ज्या राज्याने तीन वर्षांपूर्वी नाही म्हटलं होतं त्याने हो म्हटलं.

इडिथ विंडसर या आजींबद्दल सांगायलाच हवं. त्यांची जोडीदार थिया स्पायर. चाळीसहून जास्त वर्षांची सोबत, 2007 मध्ये कॅनडात जाऊन लग्न. 2009 मध्ये थिया वारल्या. नवरा-बायको असते तर वारशावर केंद्राचा कर लागला नसता. पण ‘डोमा’मुळे सरकारच्या लेखी या दोघी एकमेकींच्या कुणीच नव्हत्या. कर भरावा लागला 3 लाख 63 हजार डॉलर. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या विधवेचं दुःख आपल्याला ठाऊक आहे. आजी न्यायालयात गेल्या. 26 जून 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने ‘डोमा’चा तो भाग रद्द केला. त्याच दिवशी कॅलिफोर्नियातल्या लग्नांचाही रस्ता मोकळा झाला. 2015 मध्ये हा हक्क देशभर लागू झाला.

आपल्याकडेही अशी ये-जा झाली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये त्यांच्यापुरतं बाजूला केलं, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत आणलं, 2018 मध्ये पुन्हा काढलं. लग्नाचा हक्क मात्र 2023 मध्ये नाकारला, हे काम संसदेचं आहे असं सांगून. आणि आपल्या बायकांचं? लोकसभा-विधानसभेतल्या आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा आलं 1996 मध्ये, मंजूर झालं 2023 मध्ये. पाठिंबा तर बहुतेक पक्ष देत होते. 27 वर्षं ‘नंतर बघू’ ऐकलं, आणि मंजूर झालं तेही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना होईपर्यंत थांबा, या अटीवर.

त्या लोकांनी ओबामांची साथ सोडली नाही, 2012 मध्येही बहुतेकांनी त्यांनाच मत दिलं. पण मत दिलं म्हणून तोंडही बंद ठेवलं नाही. मत देणं आणि जाब विचारणं ही दोन्ही कामं त्यांनी एकाच वेळी केली, आणि त्यातच शेजाऱ्याचं दार वाजवत राहिले.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं बोला. आपल्या गावात कुणाकुणाला ‘तुमचं नंतर’ असं सांगितलं जातं? ते सांगणाऱ्यांत आपणही असतो का? आणि त्या ‘नंतर’ची तारीख कोण विचारणार?