खणांचं स्वयंपाकघर

आजच्या वन-बीएचकेतल्या मॉड्यूलर किचनचं कूळ शोधत गेलं, तर वाट १९२६ सालच्या फ्रँकफर्टला जाऊन पोचते.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांचा दुष्काळ होता. फ्रँकफर्टचा नगररचनाप्रमुख एर्न्स्ट माय यानं बेताच्या मिळकतीच्या लोकांसाठी वसाहतींमागून वसाहती बांधायला काढल्या. भाडं परवडायला हवं, तर घर लहानच असणार. स्वयंपाकघराच्या वाट्याला आली जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब जागा. त्यात सगळा संसार बसवायचं काम मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या तरुण वास्तुरचनाकार बाईंकडे आलं. आपण तोवर कधी स्वयंपाक केला नव्हता, हे त्यांनीच पुढे मोकळेपणानं सांगितलं.

त्यांनी आगगाडीच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघर पाहिलं. घरकामात वाया जाणारी पावलं मोजायला सांगणाऱ्या क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन लेखिकेचं पुस्तक तेव्हा जर्मनमध्ये आलेलं होतं, तेही त्यांच्या हाताशी होतं. पण त्यांची खरी करामत दिसते ती किराण्याच्या जागेत.

वेगळी कोठीची खोली नाहीच. ओट्यालगत अॅल्युमिनियमचे छोटे खण ओळीनं बसवलेले, प्रत्येकावर नाव: साखर, तांदूळ, रवा. खण ओढला की तो सगळाच हातात येतो. धरायला पुढे मूठ आणि ओतायला निमुळती चोच. डबा काढा, झाकण उघडा, चमचा शोधा, ही सगळी यातायात एका हालचालीत आटोपते. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा. त्या लाकडातल्या टॅनिनमुळे पिठात किडे होत नाहीत, असा हिशेब होता. कपाटांना निळसर हिरवा रंग दिला, कारण माश्या त्या रंगावर बसत नाहीत असं तेव्हा मानलं जात होतं. सुमारे १०,००० घरांत ही स्वयंपाकघरं बसली.

राहणाऱ्यांनी मात्र आपलंच चालवलं. कोरलेल्या नावांना न जुमानता खणांत वाटेल ते भरलं. खण इतके खाली, की लहान मुलांचे हात सहज पोचायचे. साखरेचं काय होत असेल ते सांगायला नको. मला विचाराल तर चूक त्यांची नव्हती. खणावर नाव आधीच घातलं, की घरात काय खायचं तेही ठरवून टाकल्यासारखं होतं. आपल्याकडे डाळीच्या डब्यांवर सहसा नाव नसतं. घरच्या माणसाला तो डोळे मिटून सापडतो आणि पाहुण्याला चार डबे उघडावे लागतात. ती गैरसोय खरी, पण उद्या त्याच डब्यात शेंगदाणे भरले तर कुणाला विचारावं लागत नाही.

पुढे लोकांनी घरं नवी करताना ही स्वयंपाकघरं उखडून टाकली. मग त्यांना किंमत आली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं त्यातलं एक मिळवून २०१० साली प्रदर्शनात मांडलं. फ्रँकफर्टच्या रोमरश्टाट वसाहतीतल्या एका घरात तसंच स्वयंपाकघर आजही पाहायला मिळतं.