तीन लाखांतली भरवशाची गाडी

वापरलेली गाडी भरवशाची आहे का, हे ठरवताना बहुतेक जण आधी कंपनी विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण तेवढ्याने भागत नाही. तीन लाखांच्या आसपासचं बजेट, घरात चार-पाच माणसं, रोजचा शहरातला वापर आणि सणासुदीला गावची वाट, अशा कुटुंबासाठी भरवसा तीन घटकांवर ठरतो: रचनेचा साधेपणा, सुट्या भागांची उपलब्धता आणि आधीच्या मालकाने राखलेली निगा. या तिघांचा गुणाकार होतो. एक घटक शून्य झाला की बाकीचे दोन कितीही चांगले असले तरी हाती शून्यच उरतं.

रचनेपासून सुरुवात करू. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन आणि हाताने टाकायचे गिअर, यापलीकडे कमी बजेटवाल्याने जाऊ नये. मारुतीची के-मालिकेतली इंजिनं (२०१० नंतरची वॅगन-आर, अल्टो के-१०) आणि ह्युंदाईच्या ग्रँड आय-१० मधलं १.२ लिटरचं कप्पा इंजिन यांत टायमिंग चेन असते. जुन्या सँट्रोत आणि १.१ लिटरच्या आय-१० मध्ये रबरी टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट वाईट नसतो, पण ठराविक किलोमीटरनंतर तो बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिन उघडायची वेळ येऊ शकते. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरावं आणि तो खर्च किमतीतून वजा करावा.

जुन्या डिझेलचा इंजेक्टर किंवा टर्बो गेला, तर काही वर्षांची इंधनबचत एका बिलात जाते. एएमटी, म्हणजे आपोआप बदलणारे, गिअर २०१४ च्या सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांत आले. त्यांची सोय खरी, पण ती यंत्रणा बिघडली की काम गल्लीतल्या मेकॅनिकच्या हाताबाहेर जातं. सीएनजी हवीच असेल तर कंपनीने बसवलेली पाहावी. बाहेरून किट टाकलं असेल तर त्याची आरसीवर नोंद आहे का, आणि टाकीची दर तीन वर्षांनी करायची चाचणी झाली आहे का, हे तपासावं. टाकीने डिक्की व्यापली की पाच माणसांचं सामान ठेवायचं कुठे, याचाही विचार घरात आधीच व्हावा.

दुसरा घटक सुट्या भागांचा. शेव्हरले बीट आपल्याच तळेगावच्या कारखान्यात तयार होत असे. शेव्हरलेच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. फोर्डने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं आणि डॅटसनने २०२२ मध्ये गाशा गुंडाळला. या गाड्या आज स्वस्त मिळतात आणि फोर्डची फिगो तर चालवायला अजूनही उत्तम आहे. तरीही एकच गाडी असलेल्या घराने त्या मोहात पडू नये, कारण एका भागासाठी गाडी आठवडाभर गॅरेजात उभी राहिली तर स्वस्ताईचा उपयोग काय? याची कसोटी सोपी आहे. गाडी जिथे राहणार, बार्शी असो वा गडहिंग्लज, तिथल्या स्पेअरपार्टच्या दुकानात जाऊन लोअर आर्म, क्लच प्लेट आणि रेडिएटर यांचे भाव विचारावेत. दुकानदाराने भाव तोंडावर सांगितला तर पार्ट मिळतो. ‘मागवावा लागेल’ असं तिन्ही वेळा ऐकू आलं तर ते मॉडेल सोडून द्यावं.

तिसरा घटक सर्वांत अवघड, कारण निगा आरसीवर छापलेली नसते. मीटर मागे फिरवलेला असू शकतो, म्हणून त्याची साक्ष दुसरीकडून काढावी. कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद मालकाला सोबत घेऊन पाहावी. टायरच्या बाजूला चार आकड्यांत तो तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष असतं; ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर पंचवीस हजार दाखवतो, क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र गुळगुळीत झालंय आणि टायरही गाडीनंतरचे आहेत, तर हिशेब जुळत नाही. खरोखरच फार कमी चाललेली गाडी हमखास चांगली असते, हा समजही सोडावा. उभ्या गाडीचे रबरी सील सुकतात, कूलंट जुनं होतं, बॅटरी उतरते.

महाराष्ट्रात गाडीचा भूगोलही पाहावा लागतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा किंवा मुंबईच्या किनाऱ्याजवळ वाढलेली गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा पाहिल्याशिवाय घेऊ नये. खाऱ्या हवेचा गंज आधी तिथे धरतो. पुराचा धोका याहून मोठा. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, सीट कव्हर बदलून चकचकीत करता येते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा महिन्यांनी डोकं वर काढतो. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. आतल्या भागावर गढूळ पट्टा दिसतो का ते पाहावं. मॅट उचलून सीटच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज आहे का, स्टेपनीच्या खळग्यात चिखलाचे बारीक कण आहेत का, हे टॉर्चच्या उजेडात बघावं. काचा बंद असताना उग्र अत्तराचा वास येत असेल तर तो कशासाठी मारला आहे, हे विचारावंच.

इंजिनाची परीक्षा सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना घ्यावी. बोनेटला हात लावून पाहावा. कोमट लागला तर गाडी आधीच चालू करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी यावं. थंड इंजिन पहिल्या सेल्फला सुरू व्हावं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ नये. मग तेलाचं झाकण काढून पाहावं. तिथून धुराचे जोरदार झोत येत असतील तर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते आहे, म्हणजे पिस्टन रिंग झिजल्या आहेत. झाकणाखाली दह्यासारखा थर असेल तर तेलात पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. त्यानंतर एसी लावून एखादा चढ चढावा. इंजिनाचे फेरे वाढतात आणि वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे. ठोकलेली गाडी ओळखायला बोनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग पाहावा. पाना लागलेला बोल्ट लपत नाही.

वर्ष ठरवताना सुरक्षिततेचा विचार मागे पडतो, याचं मला वाईट वाटतं. एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांत सक्तीची झाली. त्याआधीची गाडी घ्यायची तर या दोन्ही गोष्टी असलेलीच श्रेणी शोधावी. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत वॅगन-आरला २०१९ मध्ये दोन तारे मिळाले, टाटा टियागोला जानेवारी २०२० मध्ये चार. माझं मत असं: शहरातच फिरायचं असेल तर वॅगन-आर किंवा ग्रँड आय-१०, महामार्गावर मुलांना घेऊन वरचेवर जायचं असेल तर टियागो पेट्रोल. त्यासाठी एखादं वर्ष जुनी गाडी घ्यावी लागली तरी चालेल.

तीन लाख हातात असतील तर गाडी अडीच लाखांचीच पाहावी. उरलेले पन्नास हजार टायर, बॅटरी, तेलपाणी, सस्पेन्शन, विमा आणि आरटीओच्या कामासाठी लागतात. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स वेगळा. दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त गाड्यांमागे तिथली वयोमर्यादेची बंधनं हे मोठं कारण असतं.

कागदपत्रांत बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, चलनांची थकबाकी आणि चासी नंबर हे स्वतः पडताळावं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की खरेदीदाराने तीस दिवसांत नाव बदलासाठी अर्ज करायचा असतो आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. तो केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते. ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पूर्ण रक्कम देऊ नका. आरसीवर तुमचं नाव येईपर्यंत काही पैसे राखून ठेवा आणि तसं सौदा करतानाच लेखी घ्या.