एक वही, अनेक हात



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया आणि तह उभे राहतात. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे, तिच्यासाठी कोणी तलवार उपसली नाही; परंतु तिच्यापायी निरपराध कारकुनांना मेमो मात्र मिळाले आहेत. ती वस्तू म्हणजे कचेरीतील सामायिक दप्तर. चारपाच माणसांनी एकाच नोंदवहीत काम करावयाचे, आणि तेही थोड्या पैशांत, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. पण पतसंस्था असो, दवाखाना असो, शाळेची कचेरी असो की कामगार संघटनेचे कार्यालय असो, तो सर्वत्र आहे.

प्रथम जुनी व्यवस्था पाहू. आपल्या पेढ्यांत व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहीत आणि तेथून खतावणीत नेत. लुका पाचोली याने १४९४ साली छापलेल्या ग्रंथात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची जी रीत मांडली आहे, तीही ह्याच जातीची. ह्या रीतीत दोन गुण होते. खतावणीत घोळ झाला तर रोजकीर्दीवरून तो उलगडता येई, हा पहिला. वही एका वेळी एकाच मेजावर असे, हा दुसरा. दुसऱ्याला लिहावयाचे असेल तर त्याने थांबावयाचे. खोळंबा होई, पण एकाच्या नोंदीवर दुसऱ्याची नोंद चढत नसे.

संगणकावर एकच दप्तर अनेकांपुढे उघडू लागले तेव्हा हा दुसरा गुण आपोआप राहिला नाही. समजा, एका सभासदाच्या खात्यावर ५,००० रुपये आहेत. एक कारकून ५०० रुपयांचा भरणा लिहावयास खाते उघडतो. त्याच क्षणी दुसरा ३०० रुपयांची उचल लिहावयास तेच खाते उघडतो. दोघांनाही ५,००० दिसतात. पहिला ५,५०० करून ठेवतो. पाठोपाठ दुसरा ४,७०० करून ठेवतो. खरी शिल्लक ५,२०० हवी होती. दोघांचा हिशेब बरोबर, आणि तरी पाचशेची नोंद नाहीशी!

अशीच एक चौकशी मी कर्मचाऱ्याच्या बाजूने चालविलेली आहे. पावती होती, तिच्यावर शिक्का होता, यंत्रात मात्र नोंद नव्हती. पैसे कोठे गेले, असे बाईंना पुनःपुन्हा विचारले जात होते. पैसे पेटीतच होते. गेली होती ती नोंद.

हा दोष शास्त्रज्ञांना फार पूर्वीच माहीत होता. आय. बी. एम. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत ठेवावी, आणि ती यंत्रात कोठे व कशी साठविली आहे ह्याची काळजी वापरणाराने करू नये, हा त्यातील विचार. निबंधाच्या मथळ्यातच ‘सामायिक’ हा शब्द आहे. पुढे १९७६ साली त्याच ठिकाणी जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलपांचे शास्त्र मांडले. नोंदीला हात लावण्यापूर्वी तिला कुलूप घालावे; आणि एका कामात एक कुलूप सोडले की पुन्हा नवे घेऊ नये. कुलूप सबंध कपाटाला घातले तर बाकीचे रिकामे बसतात. एकेका ओळीला घातले तर काम चालते, पण कुलपे सांभाळण्याचा व्याप वाढतो. शिवाय बदल करण्याआधी तो एका रोजनाम्यात टिपून ठेवावा, हा नियमही रूढ झाला. आपल्या रोजकीर्दीचीच ही यांत्रिक आवृत्ती नव्हे काय?

परंतु हे सारे मोठ्या, महागड्या यंत्रांसाठी होते. १९८१ साली आय. बी. एम.चा छोटा संगणक आला, तो एका माणसाने वापरावयाचा म्हणून. कचेऱ्यांनी डीबेस घेतले, आणि लगेच प्रश्न पडला की चौघांनी ते वापरावे कसे? १९८३ साली नॉव्हेलचे नेटवेअर आले. १९८४ साली डॉसच्या तिसऱ्या आवृत्तीत फाईलला कुलूप घालण्याची सोय झाली. १९९२ साली मायक्रोसॉफ्टचे ॲक्सेस आले. ह्या स्वस्त व्यवस्थेत मधले यंत्र म्हणजे नुसते कपाट असते. प्रत्येक जण आपल्या मेजावरून तारेवाटे कपाटात हात घालतो. कुलपे नीट लावली असतील तर थोड्या माणसांना एवढे पुरते. पण लिहिता लिहिता तार निसटली की फाईल बिघडण्याचे भय असते.

आपल्याकडे ह्याच काळात बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात १९८३ साली संगणकीकरणाविषयी करार झाला. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीचा अहवाल आला. माणसाच्या जागी यंत्र येणार काय, ही त्या वेळची मोठी चिंता होती, आणि ती रास्तच होती. पण ज्यांची नोकरी टिकली त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न आला: यंत्रात झालेल्या घोळाचा जाब कोणी द्यावयाचा?

ह्यावरचा उपाय म्हणजे कपाटाजागी दप्तरदार बसविणे. कोणीही थेट फाईलला हात लावावयाचा नाही. मागणी दप्तरदाराकडे द्यावयाची, आणि कुलपे, क्रम, रोजनामा त्याने सांभाळावयाचा. असा दप्तरदार पूर्वी मोठ्या किमतीला मिळे. १९९५ साली मायएसक्यूएल आले. बर्कलीच्या विद्यापीठातील संशोधनातून निघालेले पोस्टग्रेस १९९६ साली पोस्टग्रेएसक्यूएल ह्या नावाने पुढे आले. ते कोणीही विनामूल्य घ्यावे व त्याची आतली रचनाही पाहावी. तेव्हापासून लहान कचेरीची अडचण परवान्याच्या पैशांची उरलेली नाही. एक साधे यंत्र पुरते. खर्च करावयाचा तो ते बसविणाऱ्या जाणत्या माणसाच्या मजुरीवर आणि कर्मचाऱ्यांच्या शिक्षणावर. काटकसर करताना नेमकी हीच दोन कलमे आधी कापली जातात, हा माझा अनुभव आहे.

म्हणून कर्मचाऱ्यांनी चार गोष्टी मागून घ्याव्यात. प्रत्येकाचे प्रवेशनाम वेगळे असावे. एकाच परवलीच्या शब्दावर सगळ्यांनी काम करू नये. कोणती नोंद कोणी, केव्हा बदलली हे टिपले जावे. रोजची नक्कल काढून ती दुसऱ्या जागी ठेवावी, आणि तिच्यावरून दप्तर पुन्हा उभे राहते की नाही हे अधूनमधून करून पाहावे. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची: नोंद हरवली तर कारकुनाच्या हाती मेमो देण्यापूर्वी त्या दप्तराला कुलूप होते काय, हे आधी तपासावे. ते नव्हते असे ठरले, तर खुलासा मागावयाचा तो दप्तर तसे उघडे ठेवणाराकडे.